कुरणातली प्रयोगशाळा

दिवाळीच्या सुटीत अंगणात किंवा चाळीच्या गॅलरीच्या कोपऱ्यात मुले जो किल्ला उभा करतात, त्याला आपण वडीलधारी माणसे खेळ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्या चार दिवसांत ती पोरे जेवढे स्थापत्य शिकतात, तेवढे वर्षभराच्या तासांत त्यांच्या वाट्याला येत नाही. कोरडी माती ढासळते, फार भिजवली तर वाहून जाते, आणि मध्ये कुठेतरी एक ओलसरपणा असा असतो की बुरूज उभा राहतो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. सलाइनची टाकून दिलेली नळी कुठूनशी पैदा करून ती कारंजेही उडवतात. बादली जितकी वर ठेवावी तितके कारंजे उंच; मात्र बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ते जायचे नाव घेत नाही. हा नियम सापडेपर्यंत एक बादली घरात सांडते आणि आईच्या हातचा धपाटा बसतो. शास्त्राच्या इतिहासात याहून महागात पडलेले प्रयोग पुष्कळ आहेत.

अलीकडे या साऱ्याला शहरात ‘स्टेम’ असे एक नाव मिळाले आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेला हा शब्द. त्याची शिबिरे भरतात, खोके विकत मिळतात, आणि खोक्याबरोबर ‘हे करून दाखवा’ अशी आव्हाने छापलेली येतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मुलाच्या हाताला काम मिळते आहे, एवढेच पुष्कळ झाले. पण हे नवे आहे, बाहेरून आले आहे आणि पैसेवाल्यांचेच आहे, असे कोणी म्हणू लागले की मला राहवत नाही. कारण ज्या मुलखात माझी मास्तरकी गेली, त्या मुलखात ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. आणि तीही अशा मुलांमध्ये, की ज्यांच्या अंगावर धड सदरा नव्हता.

माझी मास्तरकी मनोरच्या परिसरातली. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मस्तान नाका म्हणून जागा आहे. तिथून पश्चिमेला वळले की पालघर, आणि पूर्वेला आत शिरले की विक्रमगड, वाडा, पुढे जव्हार. पूर्वी हा सगळा ठाणे जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. हमरस्त्याने उत्तरेला निघालात तर चिल्हार फाट्यावरून बोईसर-तारापूरचा रस्ता फुटतो. तारापूरला देशातले पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. तसेच सरळ चारोटीपर्यंत जाऊन डहाणूकडे वळलात आणि तिथून घोलवड-बोर्डीच्या बाजूला गेलात, तर चिकूच्या वाड्यांच्या पाठीशी कोसबाडची टेकडी लागते. एकाच जिल्ह्यात, एकाच पिढीत, समुद्रकाठी अणूच्या भट्टीचा पाया खणला जात होता आणि टेकडीवर दोन बाया खडे, शिंपले आणि चिंचोके मांडून बसल्या होत्या. तारापूरची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मी सांगणार आहे ती दुसरी.

त्या दोघींपैकी थोरल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाची प्रमुखपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात आल्या, त्या १९२३ च्या सुमारास. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसोरीबाईंची पुस्तके वाचून त्यांनी वकिली सोडली आणि पोरांत जाऊन बसले. माँटेसोरीबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाची बुद्धी त्याच्या बोटांच्या वाटेने आत जाते. म्हणून त्यांनी लाकडी ठोकळे, दट्ट्या, मणी, खरखरीत अक्षरे अशी साधने तयार केली होती. मूल ती हाताळते, चुकते, आणि चूक साधनच त्याला दाखवून देते. मास्तरला मध्ये बोलावे लागत नाही. जाड दट्ट्या बारीक भोकात जात नाही, बस्स! मास्तराच्या जिभेपेक्षा ते भोक अधिक सुजाण.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथे मध्यमवर्गाची मुले येत, साधने होती, कौतुक करणारे पालक होते. पन्नाशी उलटलेल्या बाईने तिथेच सुखाने राहावे, असे कोणालाही वाटले असते. पण त्यांच्यापुढे एक रोकडा प्रश्न उभा होता. हे शिक्षण जर इतके चांगले, तर ते देशातल्या ज्या मुलांना परवडणार नाही त्यांचे काय? बाहेरदेशीच्या धर्तीवर सुताराकडून करवून घेतलेला साधनांचा एक संच म्हणजे खेड्यातल्या शाळेचा सारा खर्च. गांधीजींचाही आग्रह हाच होता की, हे खेड्यात नेता आले तरच खरे.

इथे गांधीजींच्या प्रयोगाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. हाताच्या उद्योगातून सर्व विषय शिकवायचे: टकळीवर सूत काढता काढता वजन, लांबी, सरासरी, कापसाची जमीन, कापडाचा इतिहास. कल्पना मोठी होती यात शंका नाही. पण ती शाळाशाळांत पोचेपर्यंत पुष्कळ ठिकाणी तिची फक्त टकळी उरली. तासाला घंटा व्हायची, मुले सूत काढायची, सूत मोजून वहीत लिहिले जायचे, आणि मग पुन्हा घंटा होऊन ‘खरा’ अभ्यास सुरू व्हायचा. हात चालत होता, डोके सुटीवर होते. हाताला काम देणे आणि हाताला प्रश्न देणे यांत जे अंतर आहे, ते त्या काळच्या फार थोड्या माणसांना दिसले. ताराबाई त्या थोड्यांपैकी होत्या, असे माझे मत आहे.

१९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसे आधीपासून होती, त्यामुळे बोर्डी निवडली गेली. ताराबाईंबरोबर आल्या त्या अनुताई वाघ. मोरगावात जन्मलेल्या, बालपणी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. १९९२ साली डोळे मिटेपर्यंत त्या या मुलखाच्याच राहिल्या. १९४५ हे साल आमच्या भागात आणखी एका कारणाने लक्षात राहिले आहे. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध मान वर केली. म्हणजे बापाच्या पाठीवरचा कोरडा अजून वाळलाही नव्हता, त्या घरातल्या पोराला शाळेत या म्हणून सांगायला या दोघी निघाल्या होत्या.

पोर आले नाही. कसे येणार? बालवाडीची वेळ झाली तरी पाड्यावरची मुले पाड्यावरच. तेव्हा ताराबाईंनी एक साधी गोष्ट केली. आता ती इतकी साधी वाटते की तिच्यासाठी धाडस लागले असेल हे ध्यानातही येत नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ. पाड्यावर जायचे, मुलांना न्हाऊमाखू घालायचे, एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण धरायचे आणि तिथेच बसायचे. हीच अंगणवाडी. सुताराकडचा संच बाजूला राहिला. त्याच्या जागी जे आले ते अंगणातलेच होते: शिंपले, खडे, चिंचोके, गुंजा, पळसाची पाने, बांबूच्या कांड्या. लहानमोठे खडे क्रमाने लावायचे, पाने कडांवरून निवडायची, बिया मोजून द्रोणात भरायच्या. दट्ट्याचे काम बांबूची कांडी करू लागली. जाड कांडी बारीक कांडीत जात नाही, हे सांगायला माँटेसोरीबाईंच्या देशातून काही मागवावे लागत नाही.

लोक याला काटकसर म्हणतात. मला तसे वाटत नाही. पाच वर्षांच्या वारली मुलाने शंभर बिया शंभर वेळा हाताळलेल्या असतात. कोणती खायची, कोणती विषारी, कोणती पाण्यात तरंगते, हे त्याला पाठ असते. ती बी शाळेत आली की त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही शाळेत येते. मूल तिथे पाहुणे उरत नाही. रंगवलेला लाकडी मणी समोर ठेवला की तेच मूल अज्ञानी ठरते. साधन बदलल्याने खर्च वाचला हे खरे, पण त्याहून अधिक म्हणजे त्या वर्गात जाणता कोण आणि अजाण कोण, हे बदलले.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे अडचण दुसरी निघाली. लहानग्यांचे जमले, पण सहा-सातच्या वरची मुले पुन्हा गायब. ती गुरे राखायला जात. वारली घरात आठ वर्षांचे पोर म्हणजे कमावता गडी. त्याला उचलून शाळेत बसवणे म्हणजे घरातली भाकर काढून घेणे. सरकारी कागदावर अशा मुलाला ‘गळती’ म्हणतात, जणू मडक्यालाच भोक होते. ताराबाई-अनुताईंनी मडके बदलले. जिथे गुरे चरतात तिथेच शाळा भरवली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. गुरे चरत आहेत, पोरांचा एक डोळा गुरांवर आहे, आणि झाडाखाली शिकणे चालले आहे. फळा नाही, बाक नाही, घंटा नाही. कुरणात जे आहे ते साहित्य.

आता वाचकहो, मी शाळामास्तर असल्यामुळे या कुरणाकडे जरा मास्तराच्या नजरेने पाहतो. गुराख्याच्या पोराला काय काय येत असते? गुरांचे डोके न मोजता कळप पुरा आहे की एक कमी, हे त्याला नजरेने कळते. म्हणजे संख्येची ओळख त्याला आहे, आकड्याची नाही. सावली कुठवर आली की परत फिरायचे, हे तो जाणतो. म्हणजे त्याच्यापाशी घड्याळ आहे, काटे नाहीत. कोणता पाला खाल्ल्यावर गाय फुगते, कोणत्या मुंग्या चढू लागल्या की पाऊस येतो, गलोलीचे रबर किती ताणले की खडा कुठवर जातो, हे सगळे त्याने पारखलेले आहे. हे कच्चे ज्ञान आहे, त्यात भ्रमही आहेत, हे मी मान्य करतो. मुंग्यांचा आणि पावसाचा संबंध तपासून पाहिला पाहिजे. पण तपासायला आधी काहीतरी हाती असावे लागते. कुरणशाळेने जे हाती होते त्याच्यापासून आरंभ केला. बाकीच्या शाळांनी त्याला ‘पाटी कोरी’ असे म्हटले आणि कोरी नसलेली पाटी आधी पुसून घेतली.

टेकडीवर पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडी झाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून शाळा चुकवणारी थोरली बहीण त्या भावंडाला कडेवर घेऊनच शाळेत येऊ लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. काश्मिरातही हाच शब्द, केरळातही हाच. त्या सेविकांचे ऋण मोठे आहे. कितीक मुलांच्या पोटात तिथला घास गेला आहे. पण पुष्कळ ठिकाणी नाव अंगणाचे असून मुले भिंतीकडे तोंड करून तक्ता म्हणत बसलेली मी पाहिली आहेत. अनुताईंनाही पद्मश्री मिळाली. त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आपल्या कामाची हकीकत लिहून ठेवली आहे. मास्तर होऊ इच्छिणाऱ्याने ते पुस्तक डी.एड.च्या चार पुस्तकांआधी वाचावे.

मधल्या काळात मोठ्या शास्त्रज्ञांचेही शाळांकडे लक्ष गेले. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले आणि तिथली मंडळी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला जाऊन शाळांतून काम करू लागली. वि. गो. कुलकर्णी यांच्या चमूला तिथे एक गोष्ट आढळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. मुलांना विज्ञान कळत नव्हते असे नव्हे. पाठ्यपुस्तकाची भाषा कळत नव्हती. भाषा सोपी केली की तीच मुले पुढे सरकत. खिरोद्याच्या मुलाची निदान घरची बोली पुस्तकी मराठीला जवळची. आमच्या वारली, कातकरी मुलाला ‘बाष्पीभवन’ हा शब्द ऐकू येतो तो मंत्रासारखा. ओला सदरा वाळतो, हे मात्र त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मध्य प्रदेशात होशंगाबादेला १९७२ साली १६ शाळांतून जो विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. २००२ साली सरकारने तो बंद केला. पण त्याची बीजे उडत उडत महाराष्ट्रात आली. त्यांतले एक म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटीतून बाहेर पडलेल्या या माणसाने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीची खेळणी केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगणात बसून कचऱ्यातून खेळणी करण्याचे हे वेड त्यांनी हजारो मुलांना लावले. त्यांचा एक प्रयोग मी अनेक वर्षे वर्गात केला. नळीचे तुकडे सांध्याला घालून चार काड्यांचा चौकोन करा. तो दाबला की लवतो, तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो दाबा, ओढा, हलत नाही. एवढे झाल्यावर मी मुलांना फक्त एक विचारायचो: तुमच्या घराच्या छपरात त्रिकोण कुठे आहे? दुसऱ्या दिवशी वर्गात गोंधळ. एकजण म्हणे आमच्याकडे तीन, दुसरा म्हणे सात. ज्याच्या घरी त्रिकोण कमी, त्याचेच छप्पर गेल्या पावसाळ्यात कलले होते असे निघाले. बापाला जाऊन त्याने काय सांगितले ते मला माहीत नाही, पण पुढल्या उन्हाळ्यात त्या घराला एक तिरका वासा आलेला मी पाहिला.

काड्यांची गोष्ट सांगितली, तशी पेटीचीही सांगतो. १९८७ साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. त्या साहित्यात विज्ञानपेटी होती, गणितपेटी होती, लहानशी हत्यारपेटीही होती. योजना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. मी ज्या एका शाळेत रुजू झालो, तिथे ती विज्ञानपेटी कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. आत एक भिंग, चुंबक, चंचुपात्र, परीक्षानळ्या. सगळे कापसात गुंडाळलेले, नवेकोरे, आठ वर्षांचे जुने. कारण काय, तर जडसंग्रह नोंदवही! परीक्षानळी फुटली तर तिचा हिशेब कोण देणार? तपासणीला साहेब येत, नळ्या मोजत, संख्या बरोबर भरली की शेरा चांगला पडे. त्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. ते पापभीरू गृहस्थ होते आणि एका नळीपायी निवृत्तिवेतन अडकलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. परंतु ज्या वस्तूला मोडण्याची परवानगी नाही, तिने मूल काही शिकत नाही. चिंचोका हरवला तर जडसंग्रहातून कमी करावा लागत नाही, हा कोसबाडच्या साधनांचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

दुसरी एक वाट पुणे जिल्ह्यात पाबळला निघाली. डॉ. श्रीनाथ कलबाग, अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लीव्हरमधली बड्या पगाराची नोकरी सोडून १९८३ साली तिथल्या माळावर गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली पोरे तिथे जोडकाम, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती शिकतात. आणि गावाला हवी असलेली वस्तू करून देतात. आठवी ते दहावीच्या शाळांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रमही बसवला. इथे ‘आव्हान’ छापील कागदावर येत नाही. गावातल्या कोणाचे तरी फाटक मोडलेले असते.

आमच्या बाजूला कोसबाडचा धागा तुटला नाही. १९८२ साली प्रा. रमेश पानसे आणि अनुताई यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. डहाणू तालुक्यात ऐन्याला तिची शाळा झाली. वाडा तालुक्यात सोनाळ्याला ‘क्वेस्ट’चे काम २००७ पासून चालू आहे. आणि १९९० च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची तात्पुरती झोपडी. कुरणशाळेचीच ती नात म्हणायची: पोर जिथे आहे तिथे शाळा.

भट्टी म्हटली की मला दिवाळीच आठवते, आणि ती तुमच्या दिवाळीपेक्षा वेगळी आहे. भात कापून झाले, सण झाला की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, वाडा आणि आमच्या मनोरच्या बाजूच्या भट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडावर परत जातात. माझ्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर नाहीशी होत आणि जवळच्या भट्टीवरची काही अनोळखी मुले दारात येऊन उभी राहत. एक मुलगा असाच जव्हारकडून आला होता, वय अकरा. फळ्यावर १२ गुणिले २५ मांडले की त्याच्या चेहऱ्यावरून जीव जाई. एकदा मी भट्टीवर गेलो होतो, तेव्हा त्याच्या बापाचा आणि मुकादमाचा विटांवरून वाद चालला होता. मजुरी हजारी विटांवर असते. पोराने रचलेल्या थप्पीभोवती एक फेरी मारली, लांबीच्या, रुंदीच्या आणि उंचीच्या विटा पाहिल्या आणि आकडा सांगितला. मुकादमाचा आकडा त्याहून दोनशेने कमी होता. मोजल्यावर पोर खरे निघाले. मी त्याला विचारले, कसे काढलेस? तर म्हणाला, “एका थराच्या मोजल्या गुरजी, मग थर मोजले.” घनफळाचा धडा पुस्तकात असतो. दोनशे विटांची मजुरी हरवते की राहते, हे त्या गणितावर अवलंबून होते, म्हणून ते त्याला येत होते.

२०१६ साली अटल टिंकरिंग लॅब नावाची योजना सुरू झाली. निवडलेल्या शाळेला पाच वर्षांत मिळून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी त्रिमिती छपाईयंत्र, संवेदक, छोटे संगणकी पट्टे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ पाठवायचे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी मला आवडतात. त्रिमिती छपाईयंत्र चिंचोक्यापेक्षा हलके आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या पोरांनी चिंचोकेच का मोजत बसावे? तारापूरच्या केंद्रात बसून आकडे पाहणारा अभियंता एखाद्या वारली घरातून यावा, अशी माझी इच्छा आहे. फक्त एवढेच पाहायचे, की त्या खोलीची किल्ली कुणाच्या जानव्याला आहे.

वर्गातल्या त्या जव्हारच्या मुलाला पुढे मी ओळंबा दिला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही पाहायला जो दोरीला लोंबता लोखंडी गोळा धरतात, तो. त्याचे कारण होते सावली. मनोर साधारण पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकता सरकता मेच्या १८-१९ तारखेच्या सुमारास बरोबर आमच्या डोक्यावर येतो, आणि त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत परततानाही तो असाच येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. मे महिन्यात शाळेला सुटी. परंतु ही मुले तर तेव्हा भट्टीवरच असतात, आणि विटा थापायची जागा चोपून अशी सपाट केलेली असते की याहून चांगली वेधशाळा शोधून सापडणार नाही.

१९ तारखेला आम्ही तिथे बांबू रोवला. पोरांनी चार बाजूंनी ओळंबा लावून तो सरळ केला. अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला चुन्याचा ठिपका. बारा वाजले तरी सावली होतीच, तेव्हा एकीने मला सरळ सांगितले की तुमचे घड्याळ चुकले. घड्याळ चुकले नव्हते. आपले घड्याळ अलाहाबादेच्या बाजूच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले असते आणि आम्ही त्याच्या पश्चिमेला, म्हणून आमची खरी मध्यान्ह त्या दिवसांत साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी होते. ते त्यांना सांगण्याआधीच सावली बांबूच्या बुंध्यात शिरली. पोरे स्वतःच्या पायाखाली पाहू लागली, एकाने वीट उभी केली, एकीने हंडा आणून ठेवला. भट्टीचा मुकादमही हात कमरेवर ठेवून पाहत उभा राहिला.

जव्हारचा पोरगा मात्र गप्प होता. मग त्याने विचारले, “आमच्याकडं पण आताच?” मी म्हटले, जव्हार इथून जरा उत्तरेला आहे, सूर्य अजून तिकडे पोचायचा आहे, उद्या पोचेल. त्याला ते पटले नाही. त्याची आजी घरी राहिली होती, शेजाऱ्याकडे मोबाईल होता. त्याने बापाच्या फोनवरून तिला निरोप धाडला, की उद्या दुपारी साडेबाराच्या पुढे अंगणात मुसळ उभे धर आणि सावली पाहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होतो. फोन आला, आजी मोठ्याने बोलत होती, सावली गेली म्हणत होती. पोराने तिला पहिली गोष्ट विचारली ती ही, की मुसळ सरळ धरले होते का, आणि ते कशावरून.